कुंडी कोणाची?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ‘आर्डन हाउस’ नावाचं वृद्धांचं एक शुश्रूषागृह होतं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिथले दोन मजले निवडले आणि एक साधा प्रयोग केला. दोन्ही मजल्यांवरच्या रहिवाशांना एकेक रोप मिळालं. दोन्हीकडे सिनेमा दाखवायचं ठरलं. चौथ्या मजल्यावर व्यवस्थापकांनी सांगितलं, की रोप हवं की नको ते तुम्ही ठरवा, खोक्यातलं कोणतं हवं ते तुम्ही उचला, पाणीही तुम्हीच घाला. सिनेमा कोणत्या रात्री बघायचा, तेही तुमच्यावर. दुसऱ्या मजल्यावर बोलणं तितकंच गोड होतं, पण रोपं नर्सबाईंनी हातात दिली. पाणी त्याच घालणार होत्या आणि सिनेमाचा दिवसही ठरवून मिळाला.

तीन आठवड्यांनी पाहणी झाली. निवड आणि निगा ज्यांच्याकडे होती त्यांच्यापैकी ९३ टक्के लोक आधीपेक्षा बरे दिसत होते. खालच्या मजल्यावरचे ७१ टक्के आणखी खचले होते. हा निबंध १९७६ साली छापून आला. प्रयोगानंतर दीड वर्षाने पुन्हा हिशेब केला, तेव्हा पहिल्या गटातले ४७ पैकी ७ आणि दुसऱ्यातले ४४ पैकी १३ जण वारले होते. कुंडीला पाणी घातलं की आयुष्य वाढतं, अशा थाटात हे आकडे तेव्हापासून पुस्तकांतून आणि भाषणांतून फिरत आहेत. पुढच्याच वर्षी त्याच लेखिकांनी एक दुरुस्ती छापली, ती मात्र फारशी फिरली नाही. मृत्यूंच्या फरकाचं संख्याशास्त्रीय गणित चुकलं होतं. दुरुस्त केल्यावर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल, अशा पातळीवर आला.

म्हणजे कुंडीने कुणाचे प्राण वाचवले, असं म्हणायची सोय नाही. शिवाय रोपाबरोबर सिनेमाची निवड होती आणि व्यवस्थापकांचं उमेद देणारं भाषणही होतं. त्यातलं काय लागू पडलं, ते वेगळं काढता येत नाही. तरीही रुग्णालयातल्या बागेबद्दल विचार करताना मला हाच प्रयोग सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण त्यात हिरवाई दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो मालकीत.

आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या आवारात जाऊन बघा. दर्शनी भागात कापलेली हिरवळ, कडेने मेंदीचं कुंपण, मधे देणगीदाराच्या नावाची फरशी. निगा ठेवायला कंत्राटी माळी आणि वर पाटी : ‘फुले तोडू नयेत’, ‘हिरवळीवर बसू नये’. रुग्णांचे नातेवाईक त्या पाटीच्या सावलीत डबा उघडून जेवतात, तेवढाच त्या बागेचा आरोग्याशी संबंध. अलीकडे माहितीपत्रकांतून तिला ‘हीलिंग गार्डन’ म्हणतात. नुसतं बघण्यानेही फायदा होतो, हे नाकारायचं कारण नाही. रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. वेदनाशामकंही झाडंवाल्यांना कमी लागली. रुग्ण एकूण ४६. अभ्यास छोटा, पण नेटका. वास्तुरचनाकारांनी तो डोक्यावर घेतला आणि तिथून पुढे रुग्णालयातली बाग म्हणजे बघायची बाग, असं समीकरण बसून गेलं.

करायच्या बागेचं प्रकरण निराळं आहे. ते समजून घ्यायला कोथिंबिरीचा एक ट्रे पुरतो.

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, उजवा हात निम्मा परत आलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. कोथिंबीर पेरायची तर आधी धने रगडून त्याच्या दोन फाकी कराव्या लागतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे हाताला काम देऊन उपचार करणारे, धने पाटावर पसरतात आणि दुखऱ्या हाताचा तळवा त्यावर ठेवून पुढेमागे रगडायला सांगतात. खांदा, कोपर, मनगट सगळ्यांवर भार येतो आणि मिटू पाहणारी बोटं उघडी राहतात. हाच व्यायाम उपचारकक्षात टॉवेल सरकवून करून घेतात. तिथे ‘अजून दहा वेळा’ म्हटलं की रुग्ण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. इथे धने फुटेपर्यंत काम संपत नाही, आणि फुटले की आवाज येतो. मग ट्रेमध्ये कोकोपीट आणि शेणखत भरायचं. त्याला दोन्ही हात लागतात, म्हणून बरा हात सगळं काम ओढून नेऊ शकत नाही. बिया चिमटीने टाकायच्या. चिमूट जमत नसेल तर धन्याऐवजी वालाचे दाणे, तेही धरवत नसतील तर पुदिन्याच्या काड्या. झारी आधी पाव भरायची, मग निम्मी. ट्रे टेबलावर ठेवला की उभं राहणं आपोआप होतं. चार मिनिटं उभा राहणारा माणूस पेरणीच्या नादात सात मिनिटं उभा राहिला, तर नोंदवहीत तेच लिहितात. आइस्क्रीमच्या काडीवर तारीख आणि नाव लिहून ट्रेमध्ये खोचायचं, ते डाव्या हाताने लिहिलं तरी चालतं.

चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी वाफा जमिनीवर ठेवून भागत नाही. टेबलासारखा उचललेला वाफा लागतो. खाली सव्वादोन फूट तरी मोकळी जागा हवी, म्हणजे गुडघे आत जातात. रुंदी हात पोचेल एवढीच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीच्या बागेत वाट गोल फिरून निघाल्या जागी येते, कारण वाट मधेच संपली की ते गोंधळतात आणि बंद दार दिसलं की चिडतात. ही सगळी सुतारकामाची आणि गवंडीकामाची कलमं आहेत, पण उपचार निम्मा तिथेच ठरतो.

न्यूयॉर्कच्या रस्क पुनर्वसन संस्थेत १९५९ साली एनिड हाउप्ट यांच्या देणगीतून काचेचं उद्यानगृह उभं राहिलं. चाकाच्या खुर्चीवरचे, स्ट्रेचरवरचे रुग्णही तिथे काम करत. तिथल्याच एका अभ्यासात हृदय आणि फुप्फुसांच्या रुग्णांचे दोन गट होते. एक बागकामाच्या तासाला बसला, दुसरा आरोग्यशिक्षणाच्या वर्गाला. बागकामानंतर नाडीचे ठोके उतरले, वर्गानंतर उतरले नाहीत. आपल्या आजाराची माहिती ऐकून कुणाची नाडी शांत होईल, अशी अपेक्षा मुळात कोणी धरली होती कोण जाणे! २०१२ च्या सँडी वादळाने ते काचघर उद्ध्वस्त केलं.

अशा अभ्यासांचा दुबळेपणाही मान्य करायला हवा. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटी बाग देता येत नाही. रुग्णाला ठाऊक असतं की आपण माती कालवतोय, उपचार करणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि आवड असलेलेच लोक बहुतेकदा नाव नोंदवतात. २०१७ साली सोगा आणि सहकाऱ्यांनी २२ अभ्यास एकत्र करून पाहिले. बागकामाने नैराश्य, चिंता कमी होते, समाधान वाढतं, असा एकूण कल दिसला. पण त्यावरून कुठल्या रुग्णाला किती तास आणि किती आठवडे, असं औषधचिठ्ठीसारखं काही लिहिता येत नाही.

आता जुन्या गोष्टीकडे वळतो, कारण या उपचाराचं कूळ फारसं सोवळं नाही. १७९६ साली इंग्लंडमधल्या यॉर्कला विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्याने ‘रिट्रीट’ सुरू केलं. मनोरुग्णांना साखळदंडाऐवजी मोकळी हवा, बाग, काम आणि माणुसकीची वागणूक द्यायची, हा त्यामागचा विचार. अटलांटिकपलीकडे बेंजामिन रश यांनी १८१२ साली मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे हे डॉक्टर. त्यांचं निरीक्षण असं : लाकडं फोडणारे, विस्तव पेटवणारे, बागेत खणणारे, फरशी घासणारे रुग्ण बरेचदा बरे होतात, ज्यांना प्रतिष्ठेमुळे अशी कामं करावी लागत नाहीत ते तिथेच झुरत राहतात. बागकाम-उपचारावरचा जवळजवळ प्रत्येक लेख रश यांच्यापासून सुरू होतो. हेच रश रुग्णांचं भरमसाट रक्त काढत आणि त्यांना हालचाल करता येऊ नये अशा खुर्चीत जखडून ठेवत, हे त्या लेखांत सहसा नसतं.

रश यांच्या निरीक्षणातून पुढे जे निघालं ते उपचाराइतकंच हिशेबाचं होतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन-अमेरिकेत वेड्यांच्या इस्पितळांना शेकडो एकर शेती जोडली गेली. रुग्ण नांगरत, दूध काढत, बटाटे काढत, आणि त्यावर संस्थेचं स्वयंपाकघर चाले. कागदोपत्री ते औषध होतं, जमाखर्चात बचत होती. जो रुग्ण चांगलं काम करतो त्याला घरी सोडायची घाई कशाला करायची? काम जमायला लागलं हे बरं होण्याचं लक्षण, आणि काम जमतंय म्हणूनच माणूस आत अडकलेला. ही कोंडी अनेक वर्षं कुणाला खुपली नाही. वसाहतकाळातल्या हिंदुस्थानातल्या अशा संस्थांमध्येही रुग्णांना बागेत, विणकामात जुंपण्याची रीत होती आणि तिचा हिशेब अहवालांतून मांडला जाई.

१९७३ साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने ‘सौडर विरुद्ध ब्रेनन’ खटल्यात निकाल दिला, की संस्थेला आर्थिक फायदा होईल असं काम करणारा रुग्ण कामगारच आहे आणि त्याला किमान वेतन दिलं पाहिजे. निकाल न्याय्य होता. परिणाम विचित्र झाला. वेतन द्यायला पैसा कुठला, म्हणून कित्येक संस्थांनी काम देणंच बंद केलं आणि दिवसभर काम करणारी माणसं दिवसभर टीव्हीसमोर बसली. शोषण थांबलं, त्याबरोबर दिवसही रिकामा झाला.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा पेच कलम २० मध्ये दोन बाजूंनी धरला आहे. मानसिक आरोग्य संस्थेतल्या व्यक्तीला काम करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि तिने काम केलं तर योग्य मोबदला मिळाला पाहिजे. वाचायला सोपं आहे. पण मनोरुग्णालयाच्या आवारात पालक लावला, तर त्यातलं कोणतं खुरपणं उपचार आणि कोणतं काम, हे रोज सकाळी कोण ठरवणार? माझ्या मते एक ढोबळ कसोटी पुरेशी आहे. रुग्ण आज आला नाही तर कुणाची अडचण होते? संस्थेच्या स्वयंपाकघराची होत असेल तर ते काम आहे, पैसे द्या. फक्त त्याच्या रोपाची होत असेल तर तो उपचार आहे. मधल्या जागेत जे बसतं, त्याला सरळ मोबदला द्यावा. पैसे मिळाल्याने उपचाराचं काही बिघडत नाही, उलट बाहेरच्या जगात काम म्हणजे काय असतं याची तालीम होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुनर्वसन विभागात बेकरी, छपाई, शिवणकाम यांच्या जोडीला बागकामही आहे, ते याच रांगेत बसणारं.

ट्यूक ज्या क्वेकर पंथाचे, त्याच परंपरेचा एक धागा थेट मुंबईत येतो आणि तो आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. एलिझाबेथ लुंडी या अमेरिकन क्वेकर घरातल्या बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या. अमेरिकेत व्यवसायोपचाराचं शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं, देशातलं पहिलं. १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने. आजारी माणसाला गोळीइतकीच करायला काहीतरी गरजेचं असतं, हा विचार इथल्या रुग्णालयात त्यांनी रुजवला. त्यांचे चिरंजीव म्हणजे फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर. आईने रुग्णांच्या हातांचं काम केलं, मुलाने बियाण्यांचं. फलटणच्या एका शाळेला कमलाबाईंचं नाव आहे, म्हणून ते नाव तरी लोकांच्या तोंडी आहे. त्यांचं मूळ काम काय होतं, ते शाळेच्या पालकांनाही सांगावं लागत असेल.

मात्र मराठी मुलखात माती आणि आजार यांची खरी गाठ पडली ती कुष्ठरोगात. अमरावतीजवळ तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ पासून काम मांडलं. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९५१ साली सहा रुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय घेऊन आनंदवन सुरू केलं. जमीन खडकाळ, पाण्याचा पत्ता नाही, भोवती झुडपी रान. तिथली शेती हा फावल्या वेळचा उपचार नव्हताच. पेरलं नाही तर खायला नव्हतं. गावाने टाकलेला, भिकेवर जगणारा माणूस स्वतःचं धान्य पिकवू लागला, ही गोष्ट कुठल्याही गोळीने होण्यासारखी नव्हती. पण गोळीही तेव्हाच आली होती, हे विसरून चालणार नाही. सल्फोन औषधांनी जंतू आटोक्यात येऊ लागले होते. श्रमाने माणूस उभा राहिला हे खरं, आणि औषधाने रोग थांबला म्हणून श्रम शक्य झाले हेही खरं.

आणि इथेच बागकामाची सगळ्यात अवघड बाजू दिसते. कुष्ठरोगाने हाताच्या नसा मारल्या की वेदना कळत नाही. वेल्लोरचे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एक अशक्त, किरकोळ रुग्ण मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली सहज फिरवली. डॉक्टरांना त्याच्या ताकदीचं नवल वाटलं, तोवर जमिनीवर रक्त दिसलं. किल्लीने बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलाला पत्ताच नव्हता. कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने झडतात ही समजूत ब्रँड यांनी मोडीत काढली. बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी, भाजण्याने, चिघळण्याने. आता अशा हातात कुदळ द्या. दुखत नाही म्हणून तो गरजेपेक्षा घट्ट धरतो. फोड येतो, कळत नाही, तो तसाच खणत राहतो. म्हणून दांड्याला जाड, गुळगुळीत मूठ किंवा कापडाचं गुंडाळणं लागतं. एकच काम तासभर न देता आलटून पालटून द्यावं लागतं. काम संपलं की हात डोळ्यांनी तपासायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं. स्पर्शाचं काम डोळ्यांना शिकवायचं, असा हा प्रकार आहे. मधुमेहाने ज्यांच्या पायाची जाणीव गेली आहे त्यांनाही हेच लागू. अनवाणी मातीत चालायचा सल्ला हौसेने देणाऱ्यांनी मधुमेही माणसाचा तळपाय आधी उलटा करून पाहावा.

मातीत जंतू असतात हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण रुग्णालयाला सांगावं लागतं. किनारी कर्नाटकात पावसाळ्यात मेलिओइडोसिसचे रुग्ण सापडतात. ओल्या मातीतला जंतू, आणि त्याची शिकार बहुधा मधुमेही. अस्थिमज्जा-रोपणाच्या कक्षात तर कुंडीला मज्जावच असतो, कारण मातीतली बुरशी तिथल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. मानसोपचार विभागात वेगळा विचार लागतो. शोभेसाठी म्हणून सर्रास लावलेली पिवळी कण्हेर विषारी आहे. कुंपणाला आपसूक उगवणारा धोतराही. खुरपी मोजून द्यायची, मोजून घ्यायची. आणि कीटकनाशकाचा डबा आवारात ठेवायचाच नाही. आत्महत्येसाठी कीटकनाशक पिणाऱ्यांचं प्रमाण ज्या देशात इतकं आहे, तिथे मावा पडला तर पडू द्यावा.

ऊन हा मुद्दा परदेशी पुस्तकांत फारसा सापडत नाही, कारण तिकडे ऊन ही चैन आहे. मनोविकारावर लिथियम घेणाऱ्या रुग्णाला भरपूर घाम येऊन शरीरातलं पाणी घटलं, की रक्तातली लिथियमची पातळी चढते आणि औषधच बाधतं. क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांनी कातडी उन्हाने लवकर पोळते. काही औषधांनी घामच कमी येतो, अंग तापत राहतं. विदर्भातल्या मे महिन्यात अशा रुग्णांकडून सकाळी अकरा वाजता वाफे खणून घेणं हा उपचार नव्हे. सावलीची जाळी, सकाळी लवकरची वेळ आणि पिण्याच्या पाण्याचा माठ, एवढ्याशिवाय सुरुवातच करू नये.

हे सगळं जमवलं तरी एक अडसर उरतो, तो आपल्या मनातला. ‘बाबांना माती चिवडायला का लावताय?’ असं घरचे लोक विचारतात. ज्या समाजात हाताला माती लागणं हे जातीवर आणि पगारावर ठरत आलं, तिथे निवृत्त अधिकाऱ्याच्या हातात खुरपं देणं म्हणजे त्याला पायरीवरून उतरवणं वाटतं. रश यांना दोनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात दिसलेलं चित्र पुण्यातही दिसेल. याची दुसरी बाजू त्याहून नाजूक. कापूस बुडाल्याने, कर्जाने खचून दाखल झालेल्या शेतकऱ्याला वाफ्यापाशी नेऊन ‘बघा, कसं छान वाटतं’ म्हणायचं का? शहरी माणसाला बाग म्हणजे विसावा. त्या शेतकऱ्याला ती सातबाऱ्याची आठवण असू शकते. एखाद्याला उलट तिथेच पुन्हा जोर येईल, कारण साऱ्या वॉर्डात हे काम डॉक्टरांपेक्षा त्यालाच जास्त येतं. कोणाचं काय होईल हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नको म्हणायची मुभा असल्याशिवाय विचारण्याला अर्थ नाही.

जागेचा प्रश्न तर दिवसेंदिवस अवघड होतोय. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांना, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, जुन्या काळाने मोठी आवारं दिली. आज ती शहरांच्या मधोमध आली आहेत आणि सगळ्यांचा डोळा त्यांवर आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयाची काही जमीन ठाणे-मुलुंडदरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी ठरली. रोज लाखो प्रवाशांची सोय होणार, तिथे वाफ्याची बाजू मांडायला कोण उभं राहील? उपचाराची जागा म्हणून ती जमीन कागदावर कधी नोंदलेलीच नसते, मोकळी जागा म्हणून नोंदलेली असते.

खरं तर जागा फार लागत नाही. साध्या जिल्हा रुग्णालयात रुग्ण आठवडाभरही राहत नाही, तिथे गुलाबाची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही. भिजवलेले मूग एका रात्रीत मोड आणतात. मेथी दोन-तीन दिवसांत मातीवर दिसते आणि आठवड्यात खुडून आमटीत टाकता येते. धने मात्र दहा-बारा दिवस घेतात, म्हणून ते लांब मुक्कामाच्या पुनर्वसन विभागासाठी ठेवावेत. पुदिन्याची काडी पेल्यातल्या पाण्यात मुळं धरते आणि डिस्चार्जच्या दिवशी ओल्या कागदात गुंडाळून घरी नेता येते. खिडकीची कड, पाच-सहा ट्रे, एक झारी, आठवड्यातून तीन दिवस तासभर देणारा व्यवसायोपचारतज्ज्ञ. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कुठल्याही वॉर्डात उद्या आणता येतील. चौथ्याचं पद आधी मंजूर व्हावं लागतं, आणि मंजूर झालं तर भरावं लागतं.